दोन मिलिलिटर रक्त

रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी कधी कधी आपल्याच आतड्यावर उठतात. त्यांना आवरायला शरीरात नियामक टी पेशी असतात. त्या ओळखायच्या तर रंग लावलेली अँटिबॉडी थेट त्यांच्या केंद्रकात पोचवावी लागते. त्यासाठी पेशी आधी मारावी लागते, त्यामुळे नमुना एकदाच वापरता येतो.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी हे काम करायचे. आतड्याच्या अशाच आजाराची चार वर्षांची एक मुलगी वाघोलीहून रुग्णालयात यायची. वडील यवतमाळकडचे, कारखान्यात कामाला. एकदा ती आली तेव्हा दुसऱ्या दिवशी तिचं औषध सुरू होणार होतं आणि आम्हाला संशोधनासाठी त्याआधीचं रक्त हवं होतं. याचा तिच्या उपचाराला उपयोग नाही, हे मी वडिलांना दोनदा सांगितलं. तरी त्यांनी सही केली.

पेशींची आवरणं उघडणारी द्रावणं मोठ्या बाटल्यांतून छोट्या नळ्यांत भरून वर मार्करने नाव लिहायची आमची पद्धत. स्पिरिटने पुसता पुसता ते नाव जातं. त्या दुपारी माझ्या हातातल्या नळीवर नुसता निळा डाग उरला होता. नवी नळी भरायला पाच मिनिटं लागली असती. मी अंदाजाने ओतलं. ते द्रावण पेशीचं बाहेरचं आवरण उघडणारं होतं, केंद्रकाचं नव्हे, हे नंतर कळलं.

पडद्यावर नियामक पेशी शून्य आल्या. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. असा रुग्ण क्वचितच मिळतो. मग आमच्या प्रमुख सरांनी तुलनेची नळी पाहिली. निरोगी माणसाचं रक्त म्हणून आम्ही आपलंच देतो, ते माझं होतं. तिथेही शून्य.

“अभिनंदन,” सर म्हणाले. “तुमच्याही अंगात एक नाही. जिवंत कशा आहात, यावर पेपर लिहा.”

माझं रक्त पुन्हा काढता आलं. तिचं काढून उपयोग नव्हता, औषध सुरू झालं होतं.

पुढच्या खेपेला रुग्णालयाच्या बाकावर मी वडिलांना सगळं सांगितलं. चूक माझी, रक्त वाया गेलं. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, तिला सांगू नका न. दुसऱ्या लेकरांच्या कामी येईल म्हटलं होतं, म्हणून रडली नाही ती.”

तेवढ्यात मुलीने बाही वर करून मला टोचल्याची खूण दाखवली. ती लेकरं बरी झाली का, असं तिने विचारलं.

मी हो म्हटलं.