महालक्ष्म्यांपुढं चाललेली गाडी

चकती रुपयाच्या नाण्याएवढी असते. खाली पितळ आणि वर पांढरी गोल खपली. लहान मुलांच्या वाजणाऱ्या खेळण्यात ती असते, तिच्यामुळंच ते खेळणं वाजतं. तिला करंट दिला की ती फुगते, काढला की परत बसते. ते फुगणं इतकं थोडं असतं की डोळ्याला दिसत नाही, पण एका सेकंदात हजारो वेळा होतं. हे मला माझ्या यजमानांनी सांगितलं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण त्यांनी सांगितलेलं मला समजायचं. ते सांगायचेच तसं.

हे चितेगावच्या एका कंपनीत टूलरूममध्ये फिटर होते. आम्ही राहतो पडेगावला, दोन खोल्यांत. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली त्यांचं टेबल होतं. सुट्टीच्या दिवशी ते तिथं बसायचे आणि मी ओट्याशी. त्या चकतीच्या जोरावर एक सळई पुढं सरकवायची, मोटर न लावता, एवढंच त्यांना करायचं होतं. ठिबकच्या नळीतला बारीक व्हॉल्व उघडायला त्याचा उपयोग होईल असं ते म्हणायचे. पण खरं कारण वेगळं होतं. एकदा जेवताना म्हणाले, "बावीस वर्षं झाली दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर काम करतोय. एखादं ड्रॉइंग आपल्या नावाचं असावं."

सळई जागच्या जागी थरथरायची, पुढं काही जायची नाही. चकती जितकं ढकलायची तितकंच मागं ओढायची. पाच-सहा महिने यांचं त्यातच गेलं. एका रविवारी मी ज्वारी पाखडत होते. खडे एका बाजूला घेण्यासाठी आपण सूप हळूच पुढं नेतो आणि झटकन मागं घेतो. सूप मागं येतं, दाणे पुढंच राहतात. हात हलत होता, लक्ष दुसरीकडंच होतं. यांच्या टेबलावरचा आवाज थांबला म्हणून वर बघितलं, तर हे माझ्या हाताकडं बघत होते.

"परत कर."

"काय करू?"

"तेच. हळू न्यायचं, झटकन घ्यायचं. कर की."

मी दहा-बारा वेळा केलं. मला हसू यायला लागलं. यांना नाही आलं. त्यांनी करंट तसाच द्यायचं ठरवलं, हळूहळू चढवायचा आणि एकदम सोडायचा. त्या आठवड्यात सळई पहिल्यांदा पुढं गेली, बोटभर.

चकत्या चिकटवायचं काम माझ्याकडं होतं. यांचा हात जाड, डिंक जास्त लागायचा. चकतीवर पितळेची एक बारीक पट्टी पायासारखी उभी करायची आणि ती सळईला टेकवायची. एकदा माझ्या हातून ती पट्टी तिरपी बसली. मी उकरून काढायला लागले तर हे म्हणाले, राहू दे, बघू तर. तिरप्या पायानं सळई दुपटीनं पळाली. मग आम्ही पट्टीचे बरेच तिरपे कोन करून बघितले. कोणता सगळ्यात चांगला ते मला बोटांनी कळायचं.

त्या वर्षी भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या तेव्हा आरास काय करायची हा दरवर्षीचा प्रश्न होता. यांनी स्वतःच सळईवर पुठ्ठ्याची बैलगाडी बसवली, गाडीत मूठभर गहू ठेवले. गाडी मुंगीच्या चालीनं महालक्ष्म्यांकडं सरकायची. मोटर नाही, दोरा नाही, आवाज नाही. "देवापुढं चालली तर चांगलंच," म्हणाले आणि दुपारच्या पाळीला निघून गेले.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या. आमच्या गल्लीत सगळ्या जातीधर्माचे लोक आहेत. शेजारच्या खाला दरवर्षी आरास बघायला येतात आणि पुरणपोळी घेऊन जातात. गाडी बघून बायका खालीच बसल्या. कुणी गाडीखाली हात घालून बघितला, कुणी म्हणाली आत उंदीर आहे. मी एवढी माणसं असली की पाण्याचे पेले भरत आत राहते. पण खालांनी मला हाताला धरून बाहेर आणलं. त्यांनी मोबाईल उभा धरला होता.

"बोलो ना भाभी, कैसा चलता ये?"

"मला नाही येत बोलायला."

"इत्ता क्या शरमाते? घर का है, बोलो."

"बोल की गं, आज तरी बोल," मागून एक जण म्हणाली, "लग्नापासून हिचा आवाज ऐकला नाय आम्ही."

सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं, आणि मी बोलले. गाडी उचलून बाजूला ठेवली, खालच्या डब्याचं झाकण काढलं, चकती दाखवली. सूप आणून हळू न्यायचं आणि झटकन घ्यायचं ते करून दाखवलं. पितळेची पट्टी बोटावर घेऊन सांगितलं, ही अशी तिरपी लावायची, सरळ लावली तर नाही पळत, फार तिरपी केली तर घसरते. इतक्या बायका गप्प बसून माझं ऐकतायत असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खालांनी त्यांच्या मोबाईलवर मला ते दाखवलं. त्या गल्लीतलं काही ना काही नेटवर टाकायच्याच, हेही टाकलं होतं. मी पदर तोंडावर घेतला, पण पुन्हा लावा म्हणाले. चार-पाच वेळा बघितलं. यांना सांगितलं नाही. चिडवलं असतं त्यांनी, आता तू भाषणं कर म्हणून. मला ते माझ्यापुरतंच ठेवायचं होतं.

दिवाळी झाल्यावर हे पेटंटच्या मागं लागले. पेटंट म्हणजे ही वस्तू पहिल्यांदा तुम्ही केली असं सरकार लिहून देतं. उस्मानपुऱ्यात एक वकील मुलगी ते अर्ज भरायचं काम करायची. यांनी मलाही नेलं, पट्टी दाखवायला हिचाच हात लागतो म्हणाले. मुलगी चांगली होती, आम्हाला काका-काकू म्हणायची. तिनं सगळं उतरवून घेतलं आणि शेवटी विचारलं, "काका, हे आजपर्यंत कुणाला दाखवलंय का? प्रदर्शनात, पेपरात, मोबाईलवर, कुठंही? अर्जाच्या आधी लोकांपुढं आलेलं असेल तर ते नवीन धरत नाहीत."

"नाय मॅडम. घराच्या भायेर गेलंच नाय ते."

हे खोटं बोलत नव्हते. महालक्ष्म्यांपुढं ठेवलं ते दाखवणं होतं असं त्यांच्या मनातही आलं नसेल. बाकीचं त्यांना माहीतच नव्हतं.

"काकू, तुम्ही?"

मला सगळं आठवलं होतं. सूप, पट्टी, खालांचा मोबाईल. यांच्यासमोर, त्या मुलीसमोर आता कसं सांगायचं? आणि घरातल्या बायकांचं कोण बघतंय, असंही वाटलं. मी खाली मान घातली. ती मुलगी हसली. लाजते आहे असं तिला वाटलं असणार. तिनं पान उलटलं.

दोन वर्षं काही झालं नाही. मधल्या काळात यांचं डिपार्टमेंट बंद झालं आणि हे घरी बसले. त्या अर्जावर त्यांचा जीव होता. रोज सकाळी त्या वकील मुलीला फोन करायचे, काही आलंय का? एक दिवस तिचाच फोन आला. तपासणीचा कागद आला होता.

तपासणी म्हणजे एक साहेब जगभरातले जुने कागद धुंडाळतो आणि तुमच्याआधी कुणी हे केलंय का ते बघतो. मुलीनं आम्हाला समजावून सांगितलं. साहेबाला पहिला कागद सापडला होता जपानचा, फार जुना. हळू चढवायचं आणि एकदम सोडायचं, हे त्यांनी कधीच करून ठेवलं होतं.

हे माझ्याकडं बघून म्हणाले, "जपानमधी बी सुपं असत्याल."

मुलगी म्हणाली, त्याची काळजी नको, तिरपी पट्टी जपानच्या कागदात नाही. आपण अर्ज तेवढ्या पट्टीपुरता आखडून घेऊ. मग तिनं पान उलटलं आणि म्हणाली, "पण इथं एक व्हिडिओ दिलाय. हा काय आहे ते मी अजून बघितलं नाही." तिनं कॉम्प्युटरवर तो पत्ता दाबला. आमच्या घरातली हिरवी भिंत दिसली, महालक्ष्म्या दिसल्या आणि मग मी.

मी हसत होते त्यात. हे कॉम्प्युटरकडं बघत होते, माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. संपल्यावर एवढंच म्हणाले, "ही कधी बोलली एवढं?"

खालांना कळलं तेव्हा त्या रडत आल्या. त्यांनी ते लगेच काढून टाकलं. "मेरेकू क्या मालूम था भाभी, अल्ला कसम." पण मुलगी म्हणाली, आता काढून उपयोग नाही, साहेबाच्या फायलीत ते जाऊन बसलंय.

उत्तर द्यायला सहा महिने होते. मुलीनं पुष्कळ विचार केला आणि एकच वाट काढली. ती सांगताना तिला अवघड वाटत होतं. "काका, आपण असं मांडू, की व्हिडिओतल्या बाईंना यातलं काही कळत नाही. त्या चौथी शिकलेल्या आहेत, आरास दाखवताना मनानं काहीतरी बोलल्या. ते ऐकून कुणाला ही वस्तू करता येणार नाही. मग तो व्हिडिओ धरता येत नाही."

मी म्हणाले, "चालंल की. तसंच लिहा."

यांनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मुलीनं तसं लिहिलं. पुढं सुनावणीची तारीख लागली, कॉम्प्युटरवरच. आदल्या दिवशी मी यांना म्हणाले, "इचारलं तर सांगा, तिला काय कळत नाय म्हणून. मला काय त्याचं."

"बघू," म्हणाले.

सुनावणीला मुलगी आणि हे कॅमेऱ्यासमोर बसले, मी भिंतीकडं, दिसणार नाही अशी. पडद्यावर मुंबईचे साहेब होते. आवाज मऊ होता त्यांचा. मुलगी इंग्रजीत बोलली, बराच वेळ. साहेबांनी ऐकून घेतलं. मग यांना हिंदीत विचारलं, "वीडियो में जो महिला हैं, वो कौन हैं?"

"मिसेस हैं, साहेब."

"ये बनाने में उनका हाथ था?"

मुलगी यांच्याकडं बघायला लागली.

"था, साहेब. पट्टी उसनेच लगाई."

"और जो बताया है, पट्टी का, वो सही बताया है?"

मी मनात म्हणत होते, नाही म्हणा. एकदाच नाही म्हणा.

"सही है साहेब. इससे अच्छा मेरेको भी बोलना नहीं आता."

मुलीनं डोळे मिटले. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं आणि धन्यवाद म्हणाले.

दोन महिन्यांनी निकाल आला, अर्ज नामंजूर. मुलीनं मराठीत वाचून दाखवला. त्यात एक ओळ होती की, व्हिडिओतील महिलेने पट्टीची रचना, तिचा तिरपेपणा आणि त्याचे कारण स्पष्टपणे समजावून सांगितले आहे. हे म्हणाले, ती ओळ परत वाचा. तिनं वाचली. अपील करता येतं असंही ती म्हणाली. हे नको म्हणाले आणि हात जोडून उठले. बसमध्ये त्यांनी मला खिडकीची जागा दिली.

ते मला एका शब्दानं टाकून बोलले नाहीत. तेच मला सोसवेना. त्यांना वाटत होतं, मी साधी आहे, माझ्या ध्यानात राहिलं नाही. माझ्यासाठी त्यांनी साहेबांपुढं खरं बोलून हातचं घालवलं, आणि मी मात्र तशीच बसले होते. आठ दिवसांनी दुपारी वाढता वाढता मी म्हणाले, "त्या पहिल्या दिवशी ऑफिसात पोरीनं इचारलं ना, तवा मला आठवलं व्हतं."

यांचा घास हातात राहिला.

"काय आठवलं व्हतं?"

"खालांनी काढलेलं. नेटवर हाय ते बी माहीत व्हतं."

"मला वाटलं तुझ्या ध्यानात नव्हतं."

"व्हतं."

"मग तवाच का नाय बोललीस? त्या पोरीनं कायतरी वाट सांगितली असती. दोन वर्षं वाट तरी बघितली नसती."

लाज वाटली, हे काय उत्तर आहे? बायकांसमोर बोलता आलं, दोन माणसांसमोर नाही, हेही सांगून पटणारं नाही. मी भाकरी घेऊन तशीच उभी राहिले. यांनी ताटात पाणी घातलं, हात धुतले आणि बाहेर जाऊन बसले.

आता हे चितेगावलाच एका कंपनीच्या गेटवर वॉचमन असतात. माझ्याशी चांगलं बोलतात, भाजी आणतात, सणाला साडी घे म्हणतात. खिडकीखालच्या त्यांच्या टेबलावर आता मी इस्त्रीचे कपडे ठेवते. परवा मिक्सर बंद पडला, हे तो उघडायला बसले. पूर्वी असं काही उघडायचं असलं की मला बॅटरी धरायला बोलवायचे आणि उघडता उघडता आत काय आहे ते सांगत राहायचे. मी हात पुसून जवळ गेले. यांनी मोबाईलचा उजेड पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. स्क्रू एकेक करून झाकणात ठेवत होते. मी थोडा वेळ उभी राहिले, मग कणीक मळायला घेतली.