दुसऱ्या कडव्याची पेटी

फोन आला तेव्हा मी कंपू बाजारात उभ्यानं कचोरी खात होतो आणि माझ्या एका तानेनं किल्ल्यावरची सगळी कबुतरं कशी उडाली, ते दुकानदाराला सांगत होतो. पलीकडून दिगूची मुलगी रेवा म्हणाली, "काका, बाबा गेले." कबुतरं हवेतच राहिली... त्याला सहा आठवडे झाले. तेव्हापासून मी एका जागी बसलेलो नाही. शिंदे की छावनीतून फूलबागेपर्यंत चालत जातो, परत येतो, चप्पल काढतो, पुन्हा घालतो.

दिगू आमच्या बँडचा बास गिटारवाला. देशभर आमची पोस्टरं लागली. प्रत्येकात माझा जबडा पुढे आणि मागे कुठंतरी दिगूचा एक कान. तीस वर्षांत तो मंचावर एकूण अकरा शब्द बोलला असेल, त्यातले तीन "आवाज येतोय का?"

इंदूरचा किस्सा तुम्ही ऐकलाच असेल. मीच ऐकवला असणार. भर कार्यक्रमात साउंड बंद पडला आणि मी नुसत्या गळ्यानं पन्नास हजार लोकांना गाणं ऐकवलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पाच हजार होते. लोक दरवर्षी वाढत गेले. दिगू शेजारी चहा ढवळत बसायचा. कुणी विचारलंच, "दिगूभाऊ, सच में?" तर म्हणायचा, "हा म्हणतोय तर असेल."

आता रेवाला बाबांच्या स्मरणाच्या कार्यक्रमात तोच किस्सा हवाय. "काका, तुम्ही तोच सांगा. बाबा किती हसायचे!" हे ऐकून परवा मी त्यांच्या घरी खुर्चीवरून तीनदा उठलो आणि शेवटी उभ्यानंच खरं ते बोलून गेलो.

साउंड बंद पडला नव्हता. मी दुसरं कडवं विसरलो होतो. तोंड उघडं, आत शब्द नाही... दिगूनं माझ्याकडे एकदा पाहिलं, एक पाऊल मागे सरकला आणि टाचेनं मुख्य प्लग उपटला. सगळं चिडीचूप. मग लोकच गायला लागले आणि त्यांच्या तोंडून मला माझे शब्द सापडले. आयोजक धावत येऊन दिगूवर ओरडला, "अंधे हो क्या?" दिगू म्हणाला, "पैर लग गया, भाईसाब." मला मात्र त्याबद्दल कधी एक अक्षर बोलला नाही. मीही आभार मानले नाहीत. मानले असते तर किस्सा तिथंच मेला असता.

वहिनी आत गेल्या आणि दिगूच्या गिटारची पेटी घेऊन आल्या. ही पेटी तो दर कार्यक्रमात आपल्या टाचेशी, माझ्या डाव्या हाताला आडवी ठेवायचा, कड्या उघड्या सोडून. "काय रे, गाडी चुकतेय का तुझी?" अशी मी माईकवरून थट्टा करायचो, लोक हसायचे, तोही हसायचा. वहिनींनी झाकण उचललं. आतून कागद चिकटवलेले, दहा पावलांवरून वाचता येतील एवढी जाड अक्षरं. आमच्या सगळ्या गाण्यांची फक्त दुसरी कडवी.

"इंदूरहून आले त्याच आठवड्यात लिहायला बसले, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "पुढे नवं गाणं आलं की नवा कागद."

पेटी आता माझ्याकडे आहे. किस्सा मी सांगणार आहे, खरा. लोक पाच हजारही नव्हते, आठशे असतील. सध्या रोज तालीम करतो. पेटी डाव्या हाताला आडवी असते. शब्द मला पाठ आहेत, तरी दुसरं कडवं आलं की नजर तिकडे जातेच. कड्या उघड्याच आहेत. झाकण उडवणारी टाच तेवढी नाही...