एकाच वावरात दोन

यवतमाळच्या दवाखान्यात माझ्या वडिलांच्या शेजारच्या खाटेवर राळेगावकडचा एक माणूस होता. तळहातावर नारळ आडवा धरून लोकांच्या वावरात फिरायचं आणि नारळ उभा राहील तिथं पाणी लागेल म्हणून विहीर खणायला सांगायचं, हा त्याचा धंदा. आता त्याच्याच यकृतात गाठ निघाली होती.

डॉक्टर समजावत होते, "पोटाला बारीक छिद्रं पाडून कॅमेरा घालू. पण त्याला यकृताचा वरचा भागच दिसतो. आतलं दिसावं म्हणून सोनोग्राफीची छोटी दांडी थेट यकृतावर फिरवू."

तो ताडकन उठून बसला. "अनवाणी फिरवजा, साहेब. पायात चप्पल असली का काही लागत नाही."

"बरं," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं, की सोनोग्राफीत खोलवर आणखी एक गाठ सापडली, दोन्ही काढल्या. त्याची बायको रडत हात जोडू लागली. हा मात्र खट्टू झाला.

"एकाच वावरात दोन? मले तं कधीच नाही सापडल्या."

संध्याकाळी तो माझ्याकडे वळला.

"भाऊ, लोकायच्या जमिनीतलं मले समजते. माह्याच पोटात काय वाढून राह्यलं, ते काहून नाही समजलं?"

त्याची बायको पांघरूण सारखं करत म्हणाली, "डाक्टरले समजलं ना? मंग झोपा आता."