टाकीतलं पाणी

जुन्या मोटारसायकलची पेट्रोलची टाकी दुरुस्त करणं ही नाजूक कला आहे असं जे लिहितात, त्यांनी ती दुरुस्त होताना पाहिलेली नसावी. मुरुडच्या मिस्त्रीकडे तो सरळ मारहाणीचा प्रकार होता. आधी तो टाकीत सायकलची तुटकी चेन आणि मूठभर खडी टाकायचा, तोंडाला लाकडी बूच ठोकायचा, टाकी गोणपाटात गुंडाळून सिमेंटच्या मिक्सरला बांधायचा आणि तासभर गरगर फिरवायचा. तो आवाज ऐकून समोरच्या दुकानातलं मांजर कायमचं निघून गेलं. मग ॲसिड. धूर निघे, घसा जळे आणि वर्षानुवर्षांचा गंज काळ्या चहासारखा बाहेर पडे. शेवटी उरलेल्या भोकांवर गॅसच्या जाळाने पितळ. एवढं सोसून जी टाकी शिल्लक राहील, तिला आतून लेप देऊन तो मालकाच्या हवाली करी.

माझी मोटारसायकल वडिलांची. मी कॉलेजात शिकवत असताना ती नागावच्या वाडीत नारळाच्या झावळ्यांखाली पडून होती. खाऱ्या हवेने टाकीची चाळण केली. निवृत्तीनंतर ती मिस्त्रीकडे नेली त्याला कारण झाली किनाऱ्यावरची ‘वारसा वाहन फेरी’. फेरीच्या समितीत अध्यक्ष, कार्याध्यक्ष आणि स्वागताध्यक्ष होते, साधा सदस्य मात्र एकही नव्हता. मी या फेरीची चारचौघांत यथेच्छ टिंगल केली होती. माझी गाडी सगळ्यांच्या पुढे चालणार असं कळल्यावर ती टिंगल मी फक्त घरात करू लागलो.

फेरी रविवारी होती. शुक्रवारी सकाळी मिस्त्रीने टाकीची तीन भोकं बुजवली. मिस्त्री माझ्याच वयाचा. वीस वर्षं आखातात जहाजांच्या गोदीत वेल्डिंग करून परतलेला, बोलायला कंजूष. जाळ लावण्यापूर्वी त्याची एक रीत होती. टाकी उलटी करून तो ती जुन्या ट्रकच्या टायरमध्ये घट्ट बसवी, खाली गेलेल्या तोंडाला बूच मारी आणि आता वर आलेल्या पेट्रोलच्या नळाच्या भोकातून ती काठोकाठ पाण्याने भरी. भोकावर ओलं फडकं ठेवी. पाणी का, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आयुष्यभर उत्तरं सांगून ज्याने पगार घेतला, त्याला प्रश्न विचारायची सवय राहत नाही.

दुपारी तो जुम्म्याच्या नमाजला निघाला. जाताना टाकीकडे बोट करून म्हणाला, “सर, हिला हात लावू नका. मी आलो पढून.”

मी एकटा उरलो. टाकीकडे पाहत बसलो. विहिरीचं मचूळ पाणी, ॲसिडने नागडं केलेलं पोलाद. आत पुन्हा गंज धरत असणार. एका इंग्रजी पुस्तकात मी वाचलं होतं की धुतलेल्या टाकीत पाणी ठेवू नये, थोडं पेट्रोल फिरवून ती कोरडी करावी. तीन भोकं बुजलेली मी पाहिली होती. काम संपलं असं मी ठरवलं. टाकीच्या पलीकडच्या बाजूला, अजून डागायच्या जागेवर खडूने केलेली चौथी खूण मी पाहिली नाही. टाकी उचलली, पाणी ओतून टाकलं, डब्यातलं कपभर पेट्रोल घालून खळबळवलं, तेही ओतलं. मग बूच ठोकून टाकी होती तशी टायरमध्ये बसवली. मिस्त्रीला त्याच्या फडक्याचं फार कौतुक, म्हणून तेही पुन्हा ओलं करून नीट भोकावर ठेवलं. इतक्या टापटिपीने मी आयुष्यात दुसरं काही केलं नसेल.

तो परतला की सांगणार होतो. पण त्याच्या पाठोपाठ अध्यक्ष आले. झेंडूच्या माळा घातलेली उघडी जीप, खांद्यावर उपरणं, हातात नारळ. गाडी तयार आहे का, एवढंच विचारून ते थांबले नाहीत. मला दाराबाहेर नेऊन उद्घाटनाचं भाषण वाचून दाखवू लागले. ‘पोलादी पूर्वजांचा वारसा’ इथपर्यंत ते आले असतील. आत लायटरची टिकटिक ऐकू आली, जाळाचा फरफराट ऐकू आला, आणि टाकीत पाणी कशासाठी होतं ते मला कळलं. मी “मिस्त्री” म्हणून हाक मारायला तोंड उघडलं.

तो आवाज कानांना ऐकू आला नाही, छातीवर आदळला. पत्र्याचं छप्पर वर उचललं गेलं. टाकी पत्रा फाडून बाहेर आली आणि जीपच्या बॉनेटवर पडली. अध्यक्ष नारळासकट गटारात आडवे झाले. मी आत धावलो. मिस्त्री भिंतीला टेकून बसला होता. भुवया नव्हत्या. उजव्या हाताची कातडी मनगटापासून मोज्यासारखी लोंबत होती. डाव्या डोळ्यातून रक्त गळत होतं आणि दुसऱ्या डोळ्याने तो हात बघत होता, परक्याचा असावा तसा. झेंडूच्या माळांसकट त्या जीपने आम्ही त्याला अलिबागला नेलं. वाटेत प्रत्येक वळणावर तो माझ्या मांडीवर आपटत होता.

डोळा वाचला, पण दीड महिना पट्टी राहिली. हाताला मांडीची कातडी लावली. फेरी झाली, भाषणही झालं. गावात एकच बोलणं: मिस्त्री म्हातारा झाला, पाणी भरायला विसरला. वाईट म्हणजे तो स्वतः तेच म्हणत होता. मी भेटायला जाई तेव्हा तो अंगणात बसलेला दिसे. त्याची बायको सांगायची की हल्ली हे दाराची कडी चारदा तपासतात, चहात साखर घातली का ते दोनदा विचारतात. एके दिवशी तिने सांगितलं की गॅसच्या नळ्या आणि दुकान विकायला काढलंय, सोमवारी माणूस येणार आहे. मिस्त्री खाली मान घालून म्हणाला, “भरलं व्हतं, असं वाटतं सर. पन डोक्याचा भरवसा न्हाय. उद्या दुसऱ्या कुनाचा जीव घेईन.”

मी सफरचंदांची पिशवी खाली ठेवली आणि सांगितलं. पाणी, पुस्तक, कपभर पेट्रोल, फडकं. सगळं. सात आठवडे कुठलंच वाक्य जमलं नव्हतं, ते सारं मिनिटभरात संपलं.

तो उठला. पहिली थप्पड डाव्या हाताने मारली, चष्मा जास्वंदीच्या झाडाआड गेला. दुसरी त्याच भाजलेल्या, नव्या कातडीच्या हाताने मारली. माझा ओठ फुटला आणि त्याचीही कातडी फाटली असावी, कारण माझ्या गालावरचं सगळं रक्त माझं नव्हतं. तिसऱ्यांदा हात उगारला तेव्हा बायको दारात आली. तिने त्याला अडवलं नाही, नुसती उभी राहिली. हात खाली आला. तो धापा टाकत होता.

“फडकं पन ओलं केलंत?” त्याने विचारलं.

मी मान डोलावली.

“म्हनजे मी भरलं व्हतं.”

“काठोकाठ,” मी म्हटलं.

तो खाली बसला आणि रडला. मी त्याच्यासमोर ओठ दाबून उभा होतो. मग त्याने बायकोला सोमवारच्या माणसाला फोन करायला सांगितलं, येऊ नको म्हणून.

आठवड्याने निरोप आला, टाकी घेऊन या. फुगून भोपळा झालेली, सांधा उसवलेली ती टाकी त्याने दोन दिवस हातोड्याने बडवून आकाराला आणली. मग टायरमध्ये बसवली, बूच ठोकलं, पाणी भरलं. या वेळी सांधा वर होता. फडकं माझ्याकडे फेकून तो म्हणाला, “बसा, सर. टाकीवर हात ठेवा. दोन्ही.”

मी बसलो. थंडगार पत्र्याला तळवे टेकले. त्याने लायटर टिकटिकवला आणि निळा जाळ माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर आणला. आतलं पाणी कुजबुजायला लागलं. पत्रा तापत गेला. मी हात काढले नाहीत, आणि त्याने सांधा पुरा होईपर्यंत काढा म्हटलं नाही.