राक्षस घरजावई

हैदराबादला बी.एड. करताना हॉस्टेलच्या मुलींनी मला एका खेळाचं वेड लावलं. चौघीपाचजणींनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकीनं एक सोंग घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. एकजण गोष्ट सांगणार, बाकीच्या आपलं सोंग काय करतं ते बोलणार, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. मला त्यातले नियम फार आवडायचे. दोर किती हात, पिशवीत ओझं किती, अंधारात नेम किती चुकतो, सगळ्याची कोष्टकं. लग्न होऊन आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरला आले तेव्हा साड्यांच्या खाली तो जाडजूड नियमांचा ग्रंथही आणला. पाच वर्षं तो तिथंच पडून राहिला, कारण खेळायला माणसंच नव्हती.

मग एका उन्हाळ्यात वांग्याच्या वाफ्यात सासूबाईंचा पाय मुरगळला. डॉक्टरांनी तीन आठवडे शेताची बंदी केली. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे मसाल्याचे डबे तीनदा नव्यानं लावले. त्यांचे धाकटे भाऊ, माझे मामेसासरे, तहसील कचेरीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले. ते रोज दुपारी बहिणीची विचारपूस करायला यायचे. दोघं पत्ते मांडायची आणि दुसऱ्या डावाला भांडायची. तिसऱ्या दिवशी मी ग्रंथ काढला आणि सासूबाईंना विचारलं,

"आत्याबाई, तुम्ही कोण होणार? योद्धा, जादूगार, का चोर?"

"मी काऊन चोर होऊ? मी वांगे लावते, तेच लावीन."

मामेसासरे म्हणाले, "मी पेशकारच बरा. बाकी काई येत नाई मले."

ग्रंथात दोन्ही नव्हतं. तरी मी हो म्हटलं आणि गोष्ट सुरू केली. डोंगरात गुहा, गुहेच्या तोंडाशी राक्षस. काय करता?

"गुहा कोनाच्या पट्ट्यात हाये?" मामेसासऱ्यांनी विचारलं. म्हणजे जमीन कुणाच्या नावावर.

"उपाशी आसंन तो," सासूबाई म्हणाल्या. "मी त्याले भरीत देते."

मी पानं उलटसुलट चाळली. राक्षसाला भरीत द्यायचा नियम नव्हता, लढाईला मात्र एकवीस पानं होती. म्हणून लढाईच लावली. सासूबाईंच्या हातात विळा. विळ्याचं कोष्टक नाही, म्हणून तलवारीचं घेतलं, अर्धं केलं, आणि मुरगळलेल्या पायाचे दोन वजा केले.

"गोष्टीतबी पाय मोडकाच?" त्या चिडल्या.

पहिल्या घावाचं माझं गणित होईपर्यंत मामेसासरे घोरत होते आणि सासूबाईंनी मेथीच्या चार जुड्या निवडल्या होत्या. संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "राक्षस मेला का?"

दुसऱ्या दिवशी मामेसासरे स्वतःचे नियम घेऊन आले, जुन्या फायलीच्या पाठकोऱ्या कागदांवर, सुवाच्य अक्षरात. राक्षसाला मारण्यापूर्वी नोटीस देणे. त्यानं न घेतल्यास गुहेच्या दारावर चिकटवणे. त्यानंतर दोन पंचांसमक्ष मारणे. खरं सांगते, मला ते नियम आवडले. सासूबाईंनी त्याच कागदावर मेथीच्या काड्या टाकल्या.

"तुमी दोघं कचेरीच चालवून राह्यले," त्या म्हणाल्या. "माहा एकच नियम. फासा टाकाच्या आंदी सांगाचं, नाई जमलं तं काय हुईल. अन् ते ज्याचा फासा त्यानं नाई, दुसऱ्यानं सांगाचं."

करून पाहू म्हटलं. मामेसासऱ्यांना ओढा उडी मारून पार करायचा होता. दहाच्या वर पडलं तर पार.

"नाई पडलं तं धोतर बाभळीले अडकंन," सासूबाई म्हणाल्या, "अन् तिथंच राहीन."

"मी पँट घालतो, बाई!"

"गोष्टीत धोतर हाये."

मामेसासऱ्यांनी फासा मुठीत घोळवला, कपाळाला लावला, टाकला. चार. मग काय, पुढचा सगळा डाव पेशकारसाहेब कमरेला पळसाची पानं बांधून फिरले आणि त्याच अवस्थेत त्यांनी राक्षसाला नोटीस बजावली. मी हसता हसता खाटेवरून घसरले.

त्यांनी सूड लगेच उगवला. सासूबाईंनी भरिताचा डबा पुढे केला तसे ते म्हणाले, "नाई जमलं तं त्याले भरीत एवढं आवडंन का तो तुह्या घरीच येईन. घरजावई!"

सासूबाईंनी फासा टाकला. एक पडला.

मी ग्रंथ मिटला. आदल्या दिवशी सगळे माझ्या पेन्सिलीची वाट पाहत बसले होते. आज फासा गडगडत असताना कुणी श्वासही घेत नव्हतं, कारण काय बिघडणार ते तिघांनाही पक्कं ठाऊक होतं. इतकी कोष्टकं पाठ करून मला हे कळलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी पाय दाखवायला आम्ही तिघं बसनं आदिलाबादला निघालो. दोघांचा वाद चालूच होता.

"रोज बारा भाकरी खाते तो," सासूबाई म्हणाल्या.

"आनला तुनंच."

पुढच्या सीटवरची बाई वळली. "येवरम्मा?" कोण हो, असं तिनं तेलुगूत विचारलं.

"इल्लरिकम् अल्लुडु," मामेसासरे गंभीरपणे म्हणाले. घरजावई.

बाई हळहळली. मग हिंदीत म्हणाली, "खेत में लगाओ उसको. मेरा वाला बी ऐसाच था." सासूबाईंनी मान हलवली. मी तोंडात पदर कोंबून खिडकीबाहेर बघत राहिले.

डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला. "ठणठणीत आहे. उद्यापासून शेतात जा."

"अजून आठ दिवस घरी बसाले सांगा ना," सासूबाई म्हणाल्या. "जावयाले कामाले लावाचं हाये."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो, जरा अवघड आहे तो."