अकरा सेकंदांचा पक्षी

गुनव्होरच्या बापानं एकदा भर समुद्रात पाण्याची भिंत बघितली होती, चर्चच्या मनोऱ्याएवढी. बेटावर कुणी खरं मानलं नाही. मरेपर्यंत लोक त्याला 'भिंतवाला'च म्हणत.

लेक उत्तर समुद्रातल्या तेलविहिरीच्या लोखंडी मचाणावर लाटा मोजायच्या कामाला लागली. मचाणाखाली लेसरचा डोळा. तो सेकंदाला चारदा पाण्याची उंची टिपतो. त्या आलेखातल्या चुका सकाळी हिनं निवडायच्या, तांदळातले खडे निवडावेत तशा. मधेच उंच सुळका दिसला की समजायचं, डोळ्याखालून कुरव पक्षी उडाला. खोडायचा. एकवीस वर्षं ती पक्षी खोडत आली.

वादळ ओसरलं त्या शनिवारीही तिनं एक खोडला. आदल्या दुपारचा, सतरा मीटरचा. आजूबाजूच्या लाटांचे माथे सात-आठच्या वर नव्हते. स्वैपाकघरातून वाफलचा, त्या जाळीदार गोड धिरड्यांचा, खमंग वास आला तशी ती उठली, अन् दारातच थबकली.

पक्षी म्हणजे एकच ठिपका, सुईसारखा. ह्याला तर चढण होती, माथा होता, उतरण होती, अन् आधी हा खोल खड्डा. माघारी येऊन तिनं ठिपके मोजले. चव्वेचाळीस.

ती पळतच मचाणप्रमुख ओस्मुनकडं गेली. तो टोर्लाइव्हला खालच्या मजल्यावर वेल्डिंगला धाडायच्या तयारीत होता.

"टोर्लाइव्हला खाली धाडू नगंस."

"का? खालचा मजला पाण्यापासनं पंधरा मीटर वर हाय."

"काल पाणी सतरा मीटर चढलंय."

"आगं, तूच पक्षी म्हणून खोडलंस की!"

"अकरा सेकंद एका जागी कुठला पक्षी थांबतो रं?"

टोर्लाइव्ह वेल्डर कमरेचा पट्टा आवळत हसला. "बापाची भिंत लेकीला घावली जणू!"

"घावली. बघ जा. पर वरनंच बघ."

खाली उतरायच्या वाटेचं झाकण उघडून तिघं वाकले. खालच्या मजल्याची लोखंडी जाळी कोबीच्या पानासारखी सोलून निघाली होती, तीही खालून वर. कठड्याचे नळ आभाळाकडं वळलेले. शिडीच्या शेवटच्या पायऱ्या गायब. काल दुपारी ह्याच्याच वर बसून ते पत्ते खेळत होते. कपातली कॉफी तेवढी हिंदकळली होती.

खाली करडं पाणी संथपणे वरखाली होत होतं. टोर्लाइव्हनं पट्टा सोडला.

गुनव्होरनं ते चव्वेचाळीस ठिपके जागच्या जागी परत बसवले. शेऱ्यात 'पक्षी' खोडून 'पाणी' लिहिलं. टोर्लाइव्ह तिच्यापुढं वाफल ठेवून उभाच राहिला.

"आजवर किती पक्षी खोडलेस गं?"

तिनं पहिल्या वर्षाची नोंद उघडली.