ट्रेलरच्या डाव्या चाकाचा आकडा

तुम्ही हसणार हे गृहीत धरूनच लिहायला बसलेय. मी स्वतः अशा गोष्टींवर हसणाऱ्यांपैकी! मांजर आडवं गेलं तर थांबून त्याला बिस्किट देणारी बाई मी. त्यात नोकरी कॅलिब्रेशन लॅबमध्ये... म्हणजे कारखान्यांतून आलेले प्रेशर गेज खरा आकडा दाखवतायत की खोटा, हे तपासायचं. पण गेल्या जानेवारीत मुळशीला जे झालं, त्यापुढे मी अक्षरशः हात टेकलेत.

आम्ही महाळुंग्याला राहतो. मी, नवरा केदार आणि कॉलेजात जाणारी मुलगी सई. केदारने हौसेने एक जुना कॅराव्हॅन ट्रेलर घेतलाय. दोन चाकांवरची छोटी खोलीच ती, गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची. आता गाडीचं टायर बसलं तर स्टिअरिंगला लगेच कळतं. पण मागून येणाऱ्या ट्रेलरचं टायर बसलं तर त्याच्या चिंध्या होईपर्यंत ड्रायव्हरला पत्ता लागत नाही. म्हणून आम्ही टायरची हवा सांगणारी सिस्टीम बसवली. वॉल्व्हच्या टोपीच्या जागी नाण्याएवढा सेन्सर फिरवून बसवायचा. तो आतला दाब आणि तापमान मोजतो आणि रेडिओने समोरच्या मॉनिटरला कळवतो. हवा कमी झाली की मॉनिटर ओरडतो. प्रत्येक सेन्सरचा वेगळा कोड असतो, आणि मॉनिटर फक्त आपल्या ओळखीच्या कोडचंच ऐकतो. रेंजही जेमतेम, गाडीपासून ट्रेलरच्या शेपटापर्यंत. हे सगळं सांगतेय कारण पुढे लागणार आहे.

त्या शनिवारी निघताना डाव्या चाकाच्या सेन्सरचा सेल संपलेला निघाला. दुसरा सेल घरात नव्हता. मी सेन्सर काढून घरीच ठेवला आणि वॉल्व्हवर साधी प्लॅस्टिकची टोपी लावली. पौडवरून मुळशीपर्यंत मॉनिटरवर उजव्या चाकाचा आकडा होता, डाव्याच्या जागी नुसत्या दोन रेघा.

धरणाच्या पाण्यालगत ओळखीच्यांच्या रानात मुक्काम केला. रविवारी सकाळी साधारण साडेनऊ. केदार पोहे करत होता, मी गाडीत चार्जर शोधत होते... आणि मॉनिटर किंचाळला!

डावं चाक. एकवीस. लाल अक्षरांत.

मी बघतेय तोवर वीस झाले.

"केदार, डाव्याला सेन्सरच नाहीये ना?"

"नाहीये की. तूच काढलास."

खाली वाकून पाहिलं. प्लॅस्टिकची टोपी जागच्या जागी. हातातल्या गेजने मोजलं, हवा भरपूर. घरी राहिलेल्या सईला फोन लावला. ती वैतागून म्हणाली, "आई, सेन्सर इथेच आहे फ्रिजवर. उघडलेला. आत सेलसुद्धा नाहीये."

मॉनिटरवर एकोणीस.

खरं सांगू? भीती वगैरे काही वाटली नाही. मला तर उत्साहाचं भरतं आलं! कुणाच्या तरी गाडीच्या सेन्सरचा कोड आपल्या कोडशी जुळलाय, एवढाच अर्थ मी काढला. असं मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. मॉनिटर काढला (त्याला स्वतःची बॅटरी आहे), हातात धरला आणि चालायला लागले. पाण्याच्या दिशेने गेले की आकडा जाऊन रेघा यायच्या. वरच्या शेतांकडे वळले की आकडा हजर! गंमतच वाटायला लागली. गॅस बंद करून केदारही मागून आला. "अगं, पोहे गार होतायत..."

सतरा. पंधरा. कापणी झालेली दोन भातखाचरं ओलांडली. करवंदीच्या जाळीला वळसा घातला.

तिथे बांधालगत ट्रॅक्टर उभा होता. मागची ट्रॉली दगडांनी शिगोशीग भरलेली आणि डावीकडे कललेली. डावं टायर चेपत चाललं होतं. आणि ट्रॉलीखालून माणसाचे दोन पाय बाहेर आलेले!

केदार आडवा होऊन खाली बघू लागला. पन्नाशीचे एक गृहस्थ उताणे, छातीवर ट्रॉलीचा लोखंडी आडवा दांडा टेकलेला. चेहरा काळानिळा. ओठ हलत होते.

"दम... न्हाई... निघत..."

सगळं एका क्षणात लक्षात आलं. हवा जात होती तशी ट्रॉली त्यांच्या छातीवर बसत चालली होती!

"पंप! जॅक! आणि फळ्या आण!" मी ओरडले. केदार जिवाच्या आकांताने पळत सुटला.

मी टायरशी गुडघे टेकले. बाजूला बोटभर चीर पडली होती, तिच्यातून फुसफुस हवा येत होती. ओढणीचा बोळा करून चिरेवर दोन्ही हातांनी दाबून धरला. मॉनिटर शेजारी मातीत पडलेला. अकरा... अकरा... अकरा. आकडा थांबला!

"दादा, आलोय आम्ही. डोळे मिटू नका हं. नाव काय तुमचं?"

"निवृत्ती..."

"वाडीत कुणी नाही का?"

"समदी... हळदीला..."

केदार बॅटरीवरचा छोटा पंप घेऊन आला. नळी जोडली तर पंपाच्या पडद्यावर अकरा. माझ्या मॉनिटरवरही अकरा. पंप घरघरायला लागला. बारा, दोन्हीकडे बारा! तेरा, दोन्हीकडे तेरा! मी तो बोळा दाबून धरून आकडे ओरडत होते, केदार दांड्याखाली फळी ठेवून जॅक चढवत होता. चौदाला निवृत्तीदादांनी असा काही श्वास घेतला की तो आवाज अजून कानात आहे. सोळाला केदारने त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं.

मॉनिटर पाहिला, तर दोन रेघा. पंपावर मात्र सोळाच होते.

त्या ट्रॉलीच्या दोन्ही चाकांचे वॉल्व्ह मी बोटांनी चाचपून पाहिले. सेन्सर कुठला, गंजलेली टोपीसुद्धा नव्हती.

त्यांना गाडीत घालून आम्ही पौडला दवाखान्यात नेलं. दोन बरगड्या मोडल्या होत्या, बाकी सुखरूप. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

घरी आल्यावर मी हात धुऊन त्या मॉनिटरच्या मागे लागले. लॅबमधल्या मित्राने तो उघडून पाहिला. विक्रेत्याला विचारलं. "ताई, दुसऱ्या गाडीचा कोड जुळला असेल." ठीक आहे, जुळला असेल. पण दुसरी गाडी होतीच कुठे? आणि असली, तरी माझ्या हाताखाली थांबलेला आकडा तिचा कसा?

महिन्याभराने आम्ही निवृत्तीदादांना भेटायला गेलो. ओट्यावर बसले होते, छातीला पट्टा. त्यांच्या बायकोने चहा दिला आणि विचारलं, "तुमाला कळलं तरी कसं ओ ताई? हाक तर ह्यांना मारताच येत नव्हती."

"व्हय, त्वांडातून आवाजच निघंना," निवृत्तीदादा म्हणाले. "हवा कुठनं जाती बघाया खाली शिरलो, तर ट्रॉलीच छातीवर बसली. कानाशी नुसती त्या टायरची फुसफुस. म्या मनात म्हनलं, माझी हाक न्हाई तर न्हाई, ही तरी कुनाला ऐकू जाऊंदे."

मी हातातला कप खाली ठेवला. केदारने माझ्याकडे पाहिलं. मग मी त्या दोघांना सगळं सांगितलं. फ्रिजवरचा सेन्सर, खाली जाणारे आकडे, सगळं. आणि शेवटी कबूल केलं, "कसं झालं ते मला खरंच माहीत नाही हो."

निवृत्तीदादा हसायला गेले आणि बरगडी धरून कळवळले.

"न्हाई कळलं तर न्हाई कळलं, ताई. च्या प्या, गार व्हतुया."

मी चहा प्यायले.